ब्रेमेनचं राटहाउस: आधी बाहेरून, मग वर, शेवटी तळघरात

पुण्यात विद्यापीठाकडून औंधच्या दिशेला गेलं की ब्रेमेन चौक लागतो. ब्रेमेन आणि पुणे यांची मैत्री 1970 च्या दशकापासूनची, चौकाला नाव त्या मैत्रीचं. आता पुण्या-मुंबईची मुलं जर्मनीत शिकायला आणि नोकरीला असतात, मग एखाद्या उन्हाळ्यात आई-बाबांची जर्मनी वारी ठरते. त्या वारीत ब्रेमेनच्या वाट्याला बहुतेक वेळा अर्धाच दिवस येतो. हांबुर्गहून सकाळची गाडी, चौकात फोटो, पुतळ्यातल्या गाढवाचे पाय धरायचे, कॉफी, परत. तक्रार अर्ध्या दिवसाबद्दल नाही. तेवढ्या वेळात राटहाउस, म्हणजे शहराच्या नगरसभेची जुनी इमारत, नीट बघून होतं, फक्त क्रम बरोबर लागतो आणि एक-दोन कामं घरूनच उरकून यावी लागतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. ही इमारत म्हणजे तिकीट काढून फिरायचा राजवाडा नाही. ब्रेमेन हे जर्मनीच्या सोळा राज्यांपैकी सगळ्यात लहान राज्य, आणि इथला महापौर हाच राज्य सरकारचा प्रमुख. तो बसतो याच वास्तूत. 1405 ते 1410 मध्ये बांधलेल्या या राटहाउसमधून शहराचा कारभार आजही चालतो. 2004 साली युनेस्कोनं राटहाउस आणि समोरचा रोलांड या योद्ध्याचा पुतळा यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

निघण्याआधी

कचेरी चालू असल्यामुळे आतला भाग मनाला येईल तेव्हा शिरून बघता येत नाही. मार्गदर्शकाबरोबर, ठरलेल्या वेळेला, गटानंच जावं लागतं. फेरी साधारण तासाभराची असते. तिकिटं शहराच्या पर्यटन कार्यालयाकडून मिळतात, ऑनलाइनही काढता येतात. वेळा आणि दर बदलत राहतात, म्हणून कुणाच्या जुन्या व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबू नका, निघायच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळ पुन्हा एकदा उघडून बघा. परदेशी पाहुणा आला, सत्कार ठरला, बैठक लांबली की त्या दिवसाची फेरी रद्द होते. तिथे वाद घालून उपयोग नाही, दुसरी वेळ मिळते का ते विचारावं.

तिकीट घेतानाच दोन प्रश्न विचारून ठेवा. या फेरीत इंग्रजीतून माहिती मिळणार आहे ना? आणि बरोबर गुडघ्याचा त्रास असलेलं किंवा व्हीलचेअरवरचं माणूस असेल तर वर जायची सोय काय? मुख्य दालन वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे दुसरा प्रश्न जागेवर पोचून विचारण्यात अर्थ नाही. सूटकेस, मोठ्या सॅक बरोबर असतील तर स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका.

वेळेचं गणित असं मांडा: फेरीच्या आधी किमान पाऊण तास चौकात, मग फेरी, मग जेवण. उलटं केलंत, म्हणजे धावतपळत येऊन थेट आत शिरलात, तर मार्गदर्शक ज्या भांडणांबद्दल बोलत असतो ती कुणाची आणि कशासाठी, याचा पत्ताच लागत नाही.

पोचायचं कसं

हांबुर्गहून प्रादेशिक गाडीनं सव्वा तासाच्या आत, हानोवरहून थोडा जास्त वेळ. डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभर चालणारा मासिक पास, असेल तर प्रादेशिक गाड्या चालतात, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालत नाहीत. घाईत समोर दिसेल त्या पांढऱ्या गाडीत चढलात तर तपासनीस दंड लावतो. चार-पाच जण एकत्र असाल आणि कुणाकडेच ते तिकीट नसेल तर नीडरझाक्सन तिकीट बघा. एका दिवसाचं, पाच जणांपर्यंत चालणारं हे तिकीट नावानं शेजारच्या राज्याचं असलं तरी ब्रेमेन आणि हांबुर्गमध्येही लागू आहे. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतर वापरता येतं. विमानानं येणाऱ्यांना सहा नंबरची ट्राम थेट विमानतळावरून मिळते, डोम्सहाइडेच्या थांब्यावर उतरायचं.

स्टेशनवरून मात्र ट्राम घेऊ नका, चालत जा. दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता आहे. जुन्या तटबंदीच्या जागी आता बाग आणि खंदकाचं पाणी आहे, तिथे एक पवनचक्की दिसते. पुढे झ्योगेश्ट्रासे या पादचारी रस्त्याच्या तोंडाशी डुकरांचा कळप आणि शिंग फुंकणारा त्यांचा राखणदार असा ब्राँझचा लवाजमा आहे. लहान मुलं त्या डुकरांवर बसल्याशिवाय पुढे सरकत नाहीत, तेवढा वेळ धरूनच चाला.

या वाटेनं आलात की राटहाउस बाजूनं समोर येतं आणि पहिली गर्दी दिसते ती गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा यांच्या पुतळ्याभोवती. इथे थांबू नका. त्यांच्याकडे परत यायचंच आहे. सरळ पुढे, मोठ्या चौकात चला.

चौकात: आधी राटहाउसकडे पाठ करा

चौकाच्या मध्यावर उभं राहा आणि इमारतीकडे पाठ करा. समोर श्यूटिंग, म्हणजे व्यापारी मंडळींची 1537-38 सालची वास्तू. डावीकडे काचेची आधुनिक इमारत दिसते ते 1966 मधलं राज्याचं विधिमंडळ, तिच्या पलीकडे दोन उंच मनोऱ्यांचं संत पेत्रुसचं कॅथेड्रल. आणि पाठीमागे राटहाउस. व्यापारी, नगरसभा आणि आर्चबिशप या तिघांमध्ये शहर कुणाचं यावरून शतकानुशतकं ओढाताण चालली. व्यापारी आणि नगरसभा एका बाजूला, कारण माणसं बहुतेक त्याच घराण्यांतली. दुसऱ्या बाजूला कॅथेड्रल. चौकातली प्रत्येक जुनी वस्तू या भांडणातली एक बाजू घेऊन उभी आहे.

आता रोलांडकडे या. चुनखडीच्या दगडातला हा योद्धा 1404 सालचा, साडेपाच मीटर उंच, पाठीमागच्या खांबासकट दहा मीटरच्या वर जातो. त्याच्या आधी इथे लाकडी रोलांड होता. 1366 मध्ये आर्चबिशपच्या माणसांनी तो जाळला. मग नगरसभेनं जळणार नाही असा बनवून घेतला आणि त्याचं तोंड कॅथेड्रलकडे ठेवलं. हातात तलवार, छातीवर ढाल, ढालीवर दोन तोंडांचा शाही गरुड. ढालीभोवती कोरलेल्या ओळींचा मथितार्थ असा, की हे स्वातंत्र्य शार्लमेन सम्राटानं या शहराला दिलं आहे, त्याबद्दल देवाचे आभार माना. खरं सांगायचं तर तेव्हा असं स्वातंत्र्य कुणी रीतसर दिलेलं नव्हतं. शहरानं दावा दगडात कोरला आणि जोडीला सम्राटाच्या नावाच्या बनावट सनदाही तयार करवल्या. पवित्र रोमन साम्राज्यातलं स्वतंत्र शहर ही अधिकृत मान्यता मिळायला 1646 उजाडलं. अडीचशे वर्षं दावा आधी आणि कागद नंतर, असा कारभार. मला या शहराबद्दल आपुलकी वाटते ती बरीचशी यामुळे.

रोलांडच्या गुडघ्यांकडे जवळून बघा. चिलखताला गुडघ्यांवर टोकं आहेत, आणि त्या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे ब्रेमेनचं कापड मोजायचं जुनं माप, सुमारे 55 सेंटीमीटर. बाजारात कापडवाल्यानं मापात मारलं असं वाटलं तर गिऱ्हाईक इथे येऊन ताडून बघू शकत असे.

त्याच्या पायांमध्ये एका माणसाचं डोकं आणि हात दिसतात. त्याची गोष्ट इथली प्रत्येक आजी सांगते. अकराव्या शतकात एम्मा नावाच्या श्रीमंत विधवेकडे शहरवासीयांनी गुरं चारायला कुरण मागितलं. एक माणूस एका दिवसात जेवढ्या जमिनीला फेरी मारील तेवढी देते, असं ती म्हणाली. वारशावर डोळा असलेल्या तिच्या दिराला ते खुपलं. फेरी मारणारा माणूस मी निवडतो, असं म्हणून त्यानं पाय नसलेला एक भिकारी पुढे केला. तो भिकारी हातांवर सरपटत निघाला आणि संध्याकाळपर्यंत भलंमोठं कुरण वेढून बसला. वामनाची तीन पावलं ऐकून वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटत नाही, देणाऱ्यानं मापाकडे नीट बघावं हे आपल्याला लहानपणीच कळलेलं असतं. ते कुरण स्टेशनच्या मागे होतं. नाव ब्युर्गरवाइडे, आज ते मोकळं मैदान आहे आणि ऑक्टोबरात तिथे फ्रायमार्क्टची जत्रा भरते. जत्रेची परंपरा 1035 पासूनची.

रोलांड उभा आहे तोवर ब्रेमेन स्वतंत्र, अशीही एक समजूत आहे. म्हणून म्हणे राटहाउसच्या तळघरात एक जादा रोलांड लपवून ठेवलाय. दुसऱ्या महायुद्धात चौकातल्या रोलांडभोवती भिंत बांधून त्याला झाकलं होतं. आजूबाजूचं शहर बॉम्बहल्ल्यांत फार होरपळलं, पण रोलांड आणि राटहाउस बचावले.

दर्शनी भिंत वाचायची कशी

आता वळा. दुपार उलटल्यावर ऊन या भिंतीवर नीट पडतं, फोटोची वेळ तीच. सकाळी आलात तर इमारत स्वतःच्याच सावलीत असते.

पहिल्या नजरेला सगळं एका काळातलं वाटतं, पण दोन थर आहेत. आत आहे तो पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा विटांचा साधा, भव्य, पेटीसारखा गॉथिक सांगाडा. त्यावर 1608 ते 1612 च्या दरम्यान ल्युडर फोन बेंटहाइम या बांधकामप्रमुखानं नवा चेहरा चढवला, तो रेनेसाँस शैलीचा. वेझर नदीच्या खोऱ्यात ही शैली इतकी फुलली की वेझर रेनेसाँस हेच तिचं नाव पडलं. मधोमध पुढे आलेला भाग, त्यावरचा उंच नक्षीदार त्रिकोणी माथा, बाजूंना दोन लहान माथे, मोठाल्या आडव्या-उभ्या खिडक्या, खाली अकरा कमानींचा ओटा, हे सगळं बेंटहाइमचं.

थर ओळखायची सोपी युक्ती आहे. वरच्या मजल्यावर खिडक्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या मूर्ती बघा. एक सम्राट आणि त्याला निवडण्याचा हक्क असलेले सात जण, म्हणजे तीन आर्चबिशप आणि चार राजे-सरदार. या मूर्ती जुन्या, गॉथिक काळातल्या. आजूबाजूच्या खिडक्या दोनशे वर्षांनी नव्या. बेंटहाइमनं खिडक्या बदलल्या, पण या आठ जणांना हात लावला नाही. कारण त्यातला मजकूर शहराला अजून हवा होता: आमच्यावर सम्राट आहे, शेजारचा बिशप नाही. बाहेर दिसतात त्या आता प्रतिकृती, मूळ मूर्ती शहराच्या फोके संग्रहालयाच्या ताब्यात आहेत.

कमानींच्या ओट्याखाली जाऊन वर बघायला बरेच जण विसरतात. कमानींच्या वरच्या तिकोनी जागांत आणि कठड्यावर शिल्पांची गर्दी आहे. समुद्री राक्षस, सद्गुण-दुर्गुणांची स्त्रीरूपं, अर्धवट कपड्यांतल्या देवता. कारागिरांपुढे नमुना म्हणून नेदरलंड्सच्या छापील चित्रांचे ताव होते, त्यात हेंड्रिक गोल्ट्झियसची चित्रंही होती. कागदावरचं रेखाटन वाळूच्या दगडात उतरवताना हात कुठे सैल सुटला आणि कुठे रंगात आला, ते ताडत बसायला मला आवडतं.

यात एक शिल्प शोधाच: कोंबडी आणि पिल्लं घेऊन बसलेली बाई. ते दुसऱ्या कमानीवर आहे. घरदार सोडून नावांतून आलेल्या कोळ्यांनी संध्याकाळी एका कोंबडीला पिल्लांसह किनाऱ्यावरच्या उंचवट्यात आसरा घेताना पाहिलं, तिथेच मुक्काम ठोकला आणि त्याचं ब्रेमेन झालं, अशी ही दंतकथा. एवढ्या सम्राट-सरदारांच्या खाली शहराची स्थापना मात्र एका कोंबडीच्या नावावर!

वर: मोठं दालन

फेरीच्या दहा मिनिटं आधी भेटायच्या जागी उभं राहा. जागा तिकिटावर लिहिलेली असते. जर्मनीत अकरा म्हणजे अकरा. गट आत गेल्यावर कुणी दार उघडायला परत येत नाही.

तळमजल्याचं दालन ओकच्या जाड खांबांचं, ठेंगणं आणि गंभीर. तिथे पूर्वी बाजार भरायचा, आता प्रदर्शनं लागतात. त्याच्या डोक्यावर खरं आकर्षण आहे. वरचं दालन चाळीस मीटरच्या आसपास लांब, तेरा मीटर रुंद, आठ मीटर उंच, आणि मध्ये एकही खांब नाही. छताच्या लाकडावर गोल चौकटींत 33 सम्राटांची चित्रं, शार्लमेनपासून सिगिसमुंडपर्यंत. मान दुखेपर्यंत बघावंसं वाटतं, पण मार्गदर्शक थांबत नाही, तेव्हा काय बघायचं ते आधीच ठरवून जा. मी सांगेन ते चारच.

छताला टांगलेली गलबतं. शोभेची नव्हेत, नीट डोलकाठ्या-दोरखंडांसकट घडवलेल्या प्रतिकृती, आणि त्यांवरच्या छोट्या तोफा खास प्रसंगी खरोखर उडवल्या जात. मेजवानी चालू असताना डोक्यावर तोफ वाजत असेल तर जेवणाऱ्यांचं काय होत असेल, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात.

सॉलोमनच्या न्यायाचं भिंतीवरचं मोठं चित्र, 1532 सालचं. एका बाळावर दोन आया हक्क सांगतात आणि राजा बाळाचे दोन तुकडे करा म्हणतो, ती गोष्ट. इथे नगरसभा नुसती बैठका घेत नव्हती, खटलेही चालवत होती. न्याय देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र मुद्दाम रंगवलेलं आहे.

मग देवमासा. 1669 मध्ये जवळच्या लेझुम नदीत एक देवमासा अडकला. समुद्रापासून इतक्या आत! नगरसभेनं फ्रान्झ वुल्फहागेन या चित्रकाराकडून त्याचं चित्र काढून घेतलं आणि सम्राटांच्या पंगतीत टांगलं.

आणि चौथं, ग्युल्डेनकामर, म्हणजे सोनेरी खोली. दालनाच्या आतच लाकडी नक्षीकामाचा दोन मजली कप्पा उभा केलाय, वर जायला 1616 मधला कोरीव गोल जिना. नगरसभेच्या खासगी बोलण्यासाठी ही खोली होती. सोनेरी चामड्याच्या भिंतींवरून तिला नाव मिळालं, पण ते चामडं पुढे नाहीसं झालं. 1905 मध्ये हाइनरिख फोगेलर या कलावंतानं खोली नव्यानं सजवली. लाल-सोनेरी भिंती, शेकोटीची जाळी, दिवे, दाराची मूठ, सगळं एकाच हातचं. लोक छतातल्या सम्राटांमध्ये अडकतात आणि या खोलीत एक मिनिटभर डोकावून निघतात. माझ्या मते उलट करायला हवं. याच फोगेलरनं पुढे श्रीमंतांची सजावट सोडली, तो कम्युनिस्ट झाला, सोव्हिएत संघात गेला आणि 1942 मध्ये कझाकस्तानात हलाखीत वारला. हे ठाऊक असेल तर त्या सोन्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं जातं.

दर फेब्रुवारीत दुसऱ्या शुक्रवारी याच दालनात शाफरमालची मेजवानी होते. दर्यावर्दी आणि व्यापारी यांच्यातली ही चाल 1545 पासूनची. बाहेरच्या पाहुण्याला आयुष्यात एकदाच आमंत्रण मिळतं. बाईला पाहुणी म्हणून पहिल्यांदा बोलावलं ते 2007 मध्ये, तीही अंगेला मेर्केल चॅन्सलर असताना त्यांनाच. त्या आठवड्यात फेरीची आशा धरू नका.

मागच्या बाजूला जोडलेली इमारत 1909 ते 1913 मधली, म्युनिकच्या गाब्रिएल फोन झाइडलची. फेरीत तिचा थोडा भाग येतो. तिनं जुन्या इमारतीवर कुरघोडी केली नाही, एवढं कौतुक पुरे.

खाली: तळघर

राट्सकेलर, म्हणजे नगरसभेचं तळघर, इमारतीइतकंच जुनं. इथे फक्त जर्मन वाईन मिळते, आणि तिची यादी शेकड्यांत जाते. आत कुठेतरी 1653 सालच्या ऱ्युडेसहाइमच्या वाईनचं पिंप जपून ठेवलंय, जर्मनीतलं सगळ्यात जुनं पिंपातलं मद्य. ते तुम्हाला कुणी पाजणार नाही. तळघराचे ते आतले कप्पे बघायचे असतील तर त्यासाठी वेगळी फेरी असते. जेवायला येणाऱ्यांना मोठं दालन, नक्षीची भलीमोठी पिंपं आणि कडेच्या लाकडी खोल्या दिसतात. या छोट्या खोल्या व्यापाऱ्यांच्या सौद्यांसाठी होत्या. नियम असा, की आत किमान तीन जण असतील तरच दार लावता येतं. नियम कशासाठी केला असेल ते वाचकांवर सोडतो.

शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं. हिवाळ्यात यादीवर ग्र्युनकोल दिसला की पालेभाजी म्हणून मागवू नका, तो मांसाच्या चरबीत शिजवलेला असतो आणि पिंकेल नावाच्या सॉसेजबरोबर येतो. विचारायचं वाक्य सोपं आहे: ‘ओने फ्लाइश?’, म्हणजे ‘मांसाशिवाय?’ मासे आणि अंडीही नको असतील तर तेही स्वतंत्रपणे सांगा, कारण पुष्कळ ठिकाणी मासा म्हणजे मांस नव्हे असंच गृहीत धरतात. एप्रिल ते 24 जूनच्या दरम्यान पांढरा श्पार्गेल, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचे कोंब, मिळतो, बटाटे आणि लोण्याच्या सॉसबरोबर मागवला तर पोटभर होतो. साधं पाणी आपोआप टेबलावर येत नाही आणि बाटलीचे पैसे लागतात. बिल देताना पाच ते दहा टक्के धरून एकूण आकडाच सांगायचा, टेबलावर चिल्लर ठेवून उठायची पद्धत इथे नाही.

मग गाढव

आता इमारतीच्या पश्चिम बाजूला या, ज्यांना मघाशी टाळलं त्यांच्याकडे. गेरहार्ड मार्क्सनं घडवलेला हा ब्राँझचा पुतळा 1953 पासून इथे आहे. गाढवाचे पुढचे पाय आणि तोंड हात लागून लागून सोन्यासारखे चकचकीत झालेत. इच्छा पुरी व्हायची असेल तर दोन्ही पाय दोन्ही हातांनी धरायचे. एकाच हातानं एकच पाय धरला तर ब्रेमेनकर म्हणतात, एक गाढव दुसऱ्याशी हस्तांदोलन करतंय. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत हे चौघं ब्रेमेनला निघतात खरे, पण कधीच पोचत नाहीत. वाटेतच चोरांचं घर बळकावून राहतात.

लहान मुलं बरोबर असतील तर विधिमंडळाच्या इमारतीजवळ जमिनीत एक गोल झाकण शोधा. फटीतून नाणं टाकलं की खालून गाढव, कुत्रा, मांजर किंवा कोंबडा ओरडतो. पैसे समाजकार्याला जातात. सुट्टी नाणी आधीच खिशात ठेवा, नाहीतर मुलं दोन युरोंवर हात मारतात.

मोठ्यांसाठी कॅथेड्रलच्या उत्तरेला, फरसबंदीत क्रॉस कोरलेला एक दगड आहे. गेशे गॉटफ्रीड या बाईनं विष घालून पंधरा माणसं मारली, त्यांत तिचे आई-वडील, नवरे आणि मुलंही होती. 1831 मध्ये तिला जाहीर देहदंड दिला. लोक आजही त्या दगडावर थुंकतात, पर्यटक नव्हे, इथलेच सभ्य दिसणारे लोक. सार्वजनिक जागी थुंकण्याला मान्यता असलेली जर्मनीतली मला माहीत असलेली ही एकच जागा.

कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर कोणी विचित्र पोशाखात झाडू मारताना दिसला तर घाबरू नका. तिशी गाठूनही लग्न न झालेल्या पुरुषाला मित्र इथे आणतात, बाटल्यांची झाकणं उधळतात आणि कुणी मुलगी येऊन पापा घेईपर्यंत झाडायला लावतात.

वेळ उरला तर ब्योटशरश्ट्रासे आणि श्नूर या दोन गल्ल्या पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. त्यापेक्षा बेंटहाइमचा हात आवडला असेल तर लांगेनश्ट्रासेवरची त्याची 1588 मधली शहर-वजनकाट्याची इमारत बघा. तिथे गर्दी नसते.

कधी जाऊ नये

नोव्हेंबरच्या शेवटापासून 23 डिसेंबरपर्यंत चौकात नाताळ बाजार असतो. दिवे, भाजलेल्या बदामांचा वास, गरम वाईन, सगळं छान, पण टपऱ्यांच्या मागे राटहाउसची खालची अर्धी भिंत आणि रोलांडचे गुडघे दिसत नाहीत. ऑक्टोबरात फ्रायमार्क्टच्या वेळीही चौकात छोटी जत्रा मांडलेली असते. वास्तू बघायला यायचं असेल तर मे ते सप्टेंबर बरा, पावसाचं जाकीट तेव्हाही घ्या. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे चौक शांत मिळतो, पण पाण्याची बाटलीसुद्धा स्टेशनवरूनच आणावी लागते. हिवाळ्यातच यावं लागलं तर दुपारची फेरी घेऊ नका. साडेचारला अंधार पडतो, आणि तुम्ही आत सम्राट मोजत असता तोवर बाहेरची भिंत बघायचा उजेड गेलेला असतो. सकाळी चौक, अकरा-बाराची फेरी, मग तळघरात जेवण.